‘नीला दालान’मधली शेवटची बाई

“पहले ये तय कर लीजिए कि औरत मरी हुई है या जिंदा,” असं पोलीस ठाण्यातल्या मुन्शीजींनी मला सांगितलं आणि माझी चांगलीच पंचाईत झाली. कारण हाच प्रश्न मी माझ्या मुलीला आठवडाभर विचारत होतो आणि तिच्याकडून दर वेळी वेगळं उत्तर येत होतं.

मुन्शीजींचा मुद्दा तसा बिनतोड होता. सिनेमाच्या परवानगीचा माझा अर्ज उलटसुलट करत ते म्हणाले, “देखिए तायडेजी, मरी हुई है तो कैसे मरी, किसने मारी, ये हमको पता होना चाहिए. आखिर मरेगी तो हमारे ही इलाके में. और जिंदा है, तो अर्जी में हॉरर क्यों लिखा?”

रेल्वेच्या कार्मिक शाखेत माझी उभी हयात गेली. अर्जातली विसंगती मला लांबून दिसते. असे कितीतरी अर्ज मी स्वतः ‘खुलासा करावा’ असा शेरा मारून परत धाडले आहेत. पण खिडकीच्या अलीकडे बसून शेरा मारणं वेगळं आणि पलीकडे उभं राहून खुलासा करणं वेगळं. मी घाम पुसला आणि तोंडाला येईल ते बोलून गेलो.

“बीमार है,” मी म्हणालो.

मुन्शीजींचा चेहरा एकदम निवळला. “ठीक हो जाएगी?”

“आखिर तक हो जाएगी.”

त्यांनी ‘हॉरर’ खोडून ‘सामाजिक’ लिहिलं, शिक्का मारला, वर मला चहा पाजला. बाई बरी होते आहे हे दिसलं पाहिजे, आणि आपण एकदा पाहणीला येऊन जाऊ, असंही म्हणाले. मी मोठ्या खुशीत ‘जरूर आइए’ म्हणून बसलो. माणसाने ठाण्यात कधी कोणाला आमंत्रण देऊ नये, पण हे मला पुढे कळलं.

हे सगळं गौतमीमुळे. गौतमी आमची एकुलती एक. मी मूळचा अकोल्याचा, पण रेल्वेने मला इतकं फिरवलं की जयपूरला निवृत्त झालो तेव्हा सामान बांधायचाच कंटाळा आला आणि इथेच बनी पार्कात राहिलो. स्टेशन जवळ आहे. इंजिनाची शिट्टी ऐकू आली नाही तर मला झोप लागत नाही. पोरगी सगळी राजस्थानात वाढली, त्यामुळे तिच्या मराठीला दर दोन शब्दांनी ‘मतलब’चा टेकू लागतो.

तर या गौतमीची बँकेत अधिकारी म्हणून निवड झाली. मी अख्ख्या गल्लीत घेवर वाटला. लोकांनी हात धुतले असतील नसतील, तोच ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, मला आधी एक पिक्चर बनवायचीय. मतलब, एकच. मग तुम्ही बघा आणि खरं खरं सांगा. तुम्ही म्हणालात की माझ्यात काही नाहीये, तर मी बँक जॉइन करते. परत नाव नाही घेणार.”

“आणि मी म्हणालो, आहे?”

“तर मला नोकरी नको.”

मी लगेच कबूल झालो. रुजू व्हायला दिवाळीपर्यंत वेळ होता, सिनेमा उन्हाळ्यात उरकणार होता, आणि माझं उत्तर तर तयारच होतं. फक्त ते द्यायला सिनेमा पुरा होण्याची वाट पाहायची होती. पोरगी मात्र माझ्या एका शब्दावर आयुष्य ठेवून मोकळी झाली होती, आणि तिला त्यात काही धोका आहे असं वाटतच नव्हतं. आपल्या बापाबद्दल मुलींचा फार चांगला ग्रह असतो.

आता सिनेमा कसला, तर भुताचा. नुसता भुताचाही नाही, गॉथिक. गॉथिक म्हणजे काय ते तिने मला दोनदा समजावून सांगितलं. मला कळलं ते एवढंच, की भूत असतं पण घराचा मान भुतापेक्षा मोठा असतो, मेणबत्त्या भरपूर लागतात, आणि कोणीही कोणाला सरळ काही सांगत नाही. यातली शेवटची गोष्ट आमच्या ऑफिसातही होती, त्यामुळे मला थोडा धीर आला.

सिनेमाचं नाव ‘नीला दालान’. एक पांढऱ्या झग्यातली बाई जुन्या बंगल्यात एकटी राहते. घरातले सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून टांगलेले. रोज संध्याकाळी ती लांबलचक टेबलावर सगळ्यांसाठी ताटं मांडते, आणि जेवायला कोणी येत नाही. घरात एक निळं दालन आहे, तिथे ती पाऊल ठेवत नाही. शेवटी ठेवते.

“मग?” मी विचारलं.

“मग संपते.”

“दालनात असतं काय?”

“बाबा, मतलब… तेच तर आहे ना.”

तेच म्हणजे कोणतं, हे मी विचारलं नाही. हो म्हणून गेलेला माणूस फार प्रश्न विचारू शकत नाही.

बंगल्यासाठी लांब जावं लागलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला ठाकूर नरपतसिंहजींचा जुना बंगला आहे, त्याचं आता गेस्ट हाऊस झालं आहे. मे महिन्यात जयपूरच्या उन्हात कोणी शहाणा पर्यटक येत नाही, म्हणून ठाकूरसाहेबांनी बंगला आनंदाने दिला. अटी दोनच. पहिली, ‘चौबीस घंटे गरम पानी’ ही पाटी कुठेतरी दिसली पाहिजे. दुसरी, ती बाई भूत आहे असं कुठेही सिद्ध होता कामा नये. “भूत दिखाओगे तो बुकिंग कौन करेगा, तायडेजी?” असं त्यांनी विचारलं, आणि मी दोन्ही अटी कबूल केल्या.

म्हणजे आता भुताच्या सिनेमात भूत असायचं, पण ते भूत आहे हे कळायचं नाही, आणि ठाण्याच्या समाधानासाठी ते आजारातून बरं व्हायचं. गौतमीने कपाळाला हात लावला नाही, हे तिचं कौतुक. तिने एका दृश्यात बाईच्या तोंडात थर्मामीटर दिला आणि पाटी आरशाशेजारी टांगली. माझ्या मते कथा तिथेच हाताबाहेर गेली.

वसंतरावांना मात्र तसं वाटत नव्हतं. वसंतराव आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त. राहतात दुर्गापुऱ्यात, पण सल्ला द्यायला बनी पार्कापर्यंत स्कूटर घेऊन येतात. “भूत ठेवा हो, पण शेवटी ते भूत म्हणजे इस्टेटीवर डोळा असलेला दूरचा भाऊ निघतो असं दाखवा,” त्यांनी गौतमीला सांगितलं. “लोक निवांत मनाने घरी जातात.” गौतमी म्हणाली की लोकांनी निवांत मनाने घरी जाऊ नये असंच तिला वाटतं. वसंतरावांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते बँकेत कर्ज थकवलेल्या माणसांकडे पाहत असत.

नायिकेची निवड ही माझी चूक. मी सुचवलं की आपल्या मंडळातल्या अभिजित देवस्थळींची स्वप्ना आहे, उंच आहे, डोळे मोठे आहेत, मराठी मुलगी आहे. अभिजितराव विमा कंपनीत अधिकारी. आता मला सांगा, ज्या माणसाने जन्मभर बदल्यांचे हुकूम टाइप करवून घेतले, त्याला एवढं कळू नये? मे महिन्यात बदलीच्या नोकरीतल्या घराशी कोणी काही ठरवत नाही. आम्ही लोक मे महिन्यात गव्हाची टाकीसुद्धा भरत नाही. पण तेव्हा उन्हाने माझं डोकं काम करत नसावं.

चित्रीकरण सुरू झालं. पहिल्या दिवशी गौतमी आणि तिचा कॅमेरावाला मित्र नीरज यांनी कापूस विंचरून विंचरून जेवणघरात कोळिष्टकं लावली. काम इतकं सुरेख झालं होतं की मी आत गेलो तर माझ्याच अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची सुलोचना सगळ्यांचा डबा घेऊन गेली. पोरं अजून यायची होती. पोरं आली तेव्हा जेवणघर लख्ख झालेलं होतं आणि सुलोचना पदर खोचून शेवटचा कोपरा पुसत होती.

“आई!” गौतमी किंचाळली.

“काय आई? लोकाच्या घरी असे जाळे ठेवतेत काय? उद्या ठाकुरीणबाई म्हणन, तायड्याची बायको आली अन् घर घाण ठेवून गेली. मी तं झाडलं बाप्पा सगळं.”

अर्धं दृश्य कोळिष्टकांत झालं होतं, उरलेलं चकचकीत घरात करावं लागलं. तिसऱ्या दिवशी धुकं हवं होतं. कॉलनीत डासांसाठी धूर मारायला येणाऱ्या माणसाला वसंतरावांच्या सल्ल्याने आत बोलावलं. त्याने इतक्या मनापासून धूर मारला की स्वप्नाचे डोळे लालभडक झाले, ठाकूरसाहेबांचा म्हातारा कुत्रा शेजारच्या गल्लीत राहायला गेला, आणि सगळ्यांचा खोकला आठवडाभर टिकला. त्याच धुरात कुठून तरी एक माकड आलं. टेबलावरच्या ताटांत सुलोचनाने खरोखरची पुरी-भाजी वाढली होती, कारण रिकामं ताट मांडणं तिला पटत नव्हतं. माकड खुर्चीवर बसलं आणि जेवलं. स्वप्ना घाबरून पुतळा झाली होती. नीरज पळायला निघाला होता. गौतमी त्याला हळूच म्हणत होती, “चालू रख, चालू रख.”

आणि मग व्हायचं ते झालं. अभिजितरावांच्या बदलीचा हुकूम आला. गुवाहाटी. ट्रक आला, भांडी पोत्यांत गेली, स्वप्नाही गेली. राहिलं होतं फक्त शेवटचं दृश्य, बाई निळ्या दालनात जाते ते. पाठमोरं. तोंड दिसायची गरज नव्हती, पण झगा भरून चालणारं कोणीतरी हवं होतं. मंडळातल्या बाकीच्या मुली उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेल्या. सुलोचना बुटकी, शिवाय ती म्हणाली, “मी मेलेल्या बाईचे कपडे घालत नसतो.” तिला बाई आजारी आहे असं सांगून पाहिलं, पण ती काही मुन्शीजी नव्हे. नीरज ताडमाड. गौतमीने हॉलभर नजर फिरवली आणि ती नजर माझ्यावर येऊन थांबली.

माझी उंची पुरुषांत कमी पडते आणि बायकांत बरोबर भरते, हे मला त्या दिवशी कळलं. मी पुष्कळ बोललो. कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल बोललो, गुडघ्याबद्दल बोललो, मिशीबद्दल बोललो. “मिशी पाठीला नाहीये ना, बाबा,” गौतमी म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. शेवटी मी कोणाला कधीही न सांगण्याची शपथ सगळ्यांकडून घेतली आणि हात वर केले.

झगा शिवला होता स्वप्नाच्या मापाने. तो माझ्या पोटाशी येऊन थांबला. सुलोचनाने कात्री घेतली आणि पुढून वरपासून खालपर्यंत उसवून टाकला. मागून मी राजघराण्यातली बाई. पुढून गंजी आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. डोक्यावर लांब केसांचा टोप. संध्याकाळचा निळा उजेड जायच्या आत घ्यायचं म्हणून धावपळ चालली होती. मी दालनाच्या तोंडाशी उभा राहिलो, आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या दारातून मुन्शीजी पाहणीला आत आले.

त्यांनी मला पुढून पाहिलं. आधी गंजी पाहिली, मग मिशी, मग टोप. स्वतःची टोपी काढून हातात घेत ते अतिशय हळुवार आवाजात म्हणाले, “तायडेजी… तबियत ज्यादा खराब हो गई क्या?”

मी त्यांचे हात धरले. त्यांनीही कोणाला सांगणार नाही म्हणून वचन दिलं आणि ते पाळलं, हे नमूद केलं पाहिजे. ते गेल्यावर मी दालनातून एकदा चालत गेलो, एकदा परत आलो, घरी जाऊन आंघोळ केली आणि तो विषय माझ्यापुरता बंद करून टाकला.

पुढे गौतमी आणि नीरज दोन महिने खोली बंद करून बसले. कोणाला काही दाखवलं नाही, मलाही नाही. वसंतरावांनी जाहीर केलं की सिनेमा मंडळाच्या स्नेहसंमेलनात दाखवायचा, दुर्गापुऱ्याच्या हॉलमध्ये. मी आनंदाने हो म्हणालो. खरं सांगायचं तर माझा त्यात स्वार्थ होता. एवढ्या लोकांनी ‘काही कळलं नाही’ म्हटलं की मला वाईटपणा घ्यावा लागणार नव्हता. मी फक्त मान हलवायची, आणि पोरगी बँकेत.

हॉल भरला. दिवे गेले. आणि मी थोडा गडबडलो, कारण जे दिसत होतं ते फार देखणं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाचा तो बंगला मी रोज पाहतो, पण तो असा मला कधीच दिसला नव्हता. मेणबत्त्यांच्या उजेडात काळ्याभोर खुर्च्या, धुरातून येणारी लाल डोळ्यांची स्वप्ना, तिच्यासमोर बसून शांतपणे पुरी खाणारं माकड. लोकांचे श्वास अडकलेले ऐकू येत होते. पण अर्थ विचाराल तर ठणठणाट. कोळिष्टकं येत होती आणि जात होती. बाई थर्मामीटर लावत होती. आरशाशेजारी गरम पाण्याची पाटी दिसली तेव्हा माझ्यामागच्या कोणीतरी बायकोला विचारलं, “हे कशाचं प्रतीक?” “शुद्धीचं असेल,” ती म्हणाली.

मग शेवटचं दृश्य आलं.

निळं दालन. पांढऱ्या झग्यातली बाई पाठमोरी चालत जात होती. डावा पाय किंचित ओढत, एक हात भिंतीवर टेकत. खांदे पुढे पडलेले. तिला वेळ लागत होता, आणि सिनेमा तिला वेळ देत होता. ती पलीकडच्या दाराशी पोचली आणि थांबली. दार उघडं होतं. ती आत गेली नाही, वळलीही नाही. मान थोडी तिरकी करून नुसती उभी राहिली, मागून कोणीतरी हाक मारेल आणि पुढे काय करायचं ते सांगेल म्हणून. कोणी हाक मारली नाही. कितीतरी वेळ ती तशीच होती.

मी माझं तोंड रोज आरशात पाहतो, पण माझी पाठ मी कधी पाहिली नव्हती. हा माणूस इतका म्हातारा कधी झाला? मला भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी. गौतमी तेव्हा ‘कट’ म्हणायला विसरली असं मी समजत होतो आणि मनात तिच्यावर चिडलो होतो. ती विसरली नव्हती. मी गुडघ्याला शिव्या देत तिथे उभा होतो आणि माझी पोर मागून माझ्याकडे पाहत होती. जे मला माहीत नव्हतं ते तिला दिसलं होतं, आणि तिने ते हलू दिलं नव्हतं.

दिवे लागले तेव्हा वसंतरावांच्या पत्नी मधुमतीबाई डोळे पुसत होत्या. आमच्या मंडळाची रीत आहे, कार्यक्रम झाला की सगळ्यांनी दोन दोन शब्द बोलायचे, आणि ते दोन शब्द प्रत्येकाकडे दोनशे असतात. एकाने सांगितलं की माकड म्हणजे मन. दुसऱ्याने सांगितलं की माकड म्हणजे नवरा. घर मधूनच स्वच्छ होतं ते बाईच्या आठवणीतलं घर, यावर बरंच एकमत झालं, आणि सुलोचना गंभीरपणे मान डोलवत होती. मग वसंतराव उठले.

“गौतमी, चित्रं सुंदर आहेत,” ते म्हणाले. “पण खरं बोलायचं तर कोणाला काही समजलेलं नाही. सगळा सिनेमा एकीकडे आणि ती शेवटची बाई एकीकडे. कसलेली नटी आहे! नुसत्या पाठीने रडवलं. तिने तुझा सिनेमा तारून नेला. मंडळाने शाल आणि नारळ आणलाय, तो आम्ही तिलाच देणार. कोण आहे ती? आली आहे का?”

मधुमतीबाई ताट घेऊन उभ्या राहिल्या. शाल, नारळ, आणि बाई आहे म्हणून वर खणाचा कपडा.

गौतमीने एकदा माझ्याकडे पाहिलं. “त्या… बाहेरच्या होत्या,” ती म्हणाली. “आज नाही येऊ शकल्या.” तिने दिलेला शब्द पाळला होता. मग ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, “बरोबर बोलतायत ते, बाबा. सगळ्यांना ती अ‍ॅक्ट्रेस आवडली. पिक्चर नाही आवडली. मतलब, माझं त्यात काही नव्हतंच. मी जॉइन करते. तुम्ही सांगायची पण गरज नाही आता.”

मला हवं होतं ते मला फुकट मिळालं होतं. एक शब्दही बोलावा लागला नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं. ती शहाण्या मुलीसारखी मांडीवर हात ठेवून बसली होती, बँकेत बसतात तशी. माझ्याने ते पाहवलं नाही. मी उठून उभा राहिलो.

“ती बाई मी आहे,” मी म्हणालो.

हॉल खो खो हसला. “तायडेसाहेब, बसा, बसा,” वसंतराव म्हणाले, “उकडतंय फार. पाणी द्या रे त्यांना.”

“मी खरं सांगतोय.”

“खरं हाय ते,” बायकांच्या बाजूने सुलोचना उठली. “झगा म्याच उसवला.”

आता हसू थोडं कमी झालं, पण विश्वास कोणाच्या तोंडावर दिसेना. मग मी सरळ लोकांकडे पाठ केली आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागलो. गुडघा दुखतच होता, पाय आपोआप ओढला गेला. खुर्च्यांच्या पाठींना हात टेकत मी दारापर्यंत गेलो. मागचं हसू एकेका रांगेत विझत गेलं. मी वळलो तेव्हा मधुमतीबाईंनी ताट छातीशी धरलं होतं.

“मला अभिनय येत नाही,” मी तिथूनच म्हणालो. “रेल्वेच्या नाट्यस्पर्धेत मला पडदा ओढायला ठेवलं होतं, तोसुद्धा मी चुकीच्या वेळी ओढला. त्या दिवशी मी दाराशी उभा होतो तो घरी जाऊन आंघोळ कधी करतो या विचारात. तुम्हाला वाटलं ती बाई रडवते आहे. ती बाई काही करतच नव्हती हो. तुम्हाला जे दिसलं ते या पोरीने पाहिलं म्हणून दिसलं. मला हा सिनेमा काडीचाही कळला नाही. पण मी भ्यालो. आणि आता मी सगळ्यांसमोर सांगतो, हिच्यात आहे. गौतमी बँकेत जाणार नाही.”

गौतमी दोन्ही हातांत तोंड झाकून बसली होती. वसंतराव खाकरले. अध्यक्ष म्हणून काहीतरी बोलणं त्यांना भाग होतं, पण काय बोलावं ते त्यांना सुचेना, आणि एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं. मधुमतीबाईच पुढे आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, मग खणाच्या कपड्याकडे पाहून क्षणभर घुटमळल्या आणि तो सुलोचनाला दिला. टाळ्या पडल्या. मी शाल काढली आणि गौतमीच्या खांद्यांवर टाकली. ती मोठी झाली त्याला किती दिवस झाले, तेही मी कधी मोजलं नव्हतं.

हॉलबाहेर रिक्षाची वाट पाहत आम्ही तिघे उभे होतो. सुलोचना खणाच्या कपड्याचा पोत बघत होती. गौतमीचं नाक लाल झालं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “नेक्स्ट पिक्चरमध्ये काम कराल?”

“पाठमोराच ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, नीट, तोंडाकडे.

“नाही,” ती म्हणाली. “या वेळी समोरून.”